मैनाबाईचे चौदा हप्ते

१

"चौदा हप्ते जमा," ऋतुजानं यादीवरून बोट फिरवत वाचलं. "मैनाबाई रुपराव निमजे. बरोबर ना, मावशी?"

मैनाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव माहंच हाय. पण मले तं एक रुपया नाही भेटला, बाई. माहा फारमच नाही लागला."

आत स्वयंपाकघरात भाजी परतणारा झारा थांबला. सून श्वेता दाराशी आली, तिनं एकदा सासूकडे आणि एकदा ऋतुजाच्या हातातल्या यादीकडे पाहिलं.

ऋतुजा गोंधळली. सरकार दर महिन्याला बायकांच्या खात्यात टाकतं त्या पंधराशे रुपयांनी गरिबाच्या घरात खरंच काही फरक पडतो का, हे शोधायचं काम धरमपेठेतल्या एका अभ्याससंस्थेनं घेतलं होतं. तांडापेठेतल्या विणकरांच्या तीन गल्ल्या ऋतुजाच्या वाट्याला आल्या होत्या. घरोघर बसायचं, बेचाळीस प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची. आठवडाभरात तिनं नाना तऱ्हेची उत्तरं ऐकली होती. कोणाच्या पैशातून मुलीची कॉलेजची फी गेली होती. कोणाचा नवरा पैसे जमा झाले त्याच दिवशी हिसकावून नेत होता. एक जण म्हणाली होती, पैसे आले आणि तेलाचा भावही आला, हिशेब बरोबर झाला. पण पैसे जमा झालेत आणि मिळालेच नाहीत, असं कोणी म्हटलं नव्हतं.

यादीत चूक असेल, असं समजून तिनं 'लाभ मिळाला नाही' या चौकटीत खूण केली आणि शाईची डबी पुढे सरकवली. "इथं ठसा द्या, मावशी."

मैनाबाईंनी डावा हात पदराला पुसला आणि मधलं बोट पुढे केलं.

"अंगठा द्या, मावशी."

"हाव वं, अंगठा," त्या हसल्या आणि हात बदलला.

ठसा उमटला, पण रेषा दिसल्या नाहीत. नुसता एक निळा ठिपका. ऋतुजानं फॉर्म पिशवीत टाकला आणि ती पुढच्या घराकडे वळली. त्या एका खुणेनं काय होणार आहे याची तिला कल्पना नव्हती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा दुर्गेशच्या दुकानापुढे पन्नासेक माणसं जमली होती.

दुर्गेश धकाते हा बँकेचा माणूस. म्हणजे नोकर नव्हे. बँकेनं त्याला बोट टेकवायची मशीन दिली होती. बायका यायच्या, मशीनवर बोट ठेवायच्या आणि खात्यातले पैसे रोख घेऊन जायच्या. दोनशे बायकांचा बँकेच्या रांगेचा त्रास वाचत होता. गल्लीत त्याला अंगठेवाला दुर्गेश म्हणत.

आज त्याची कॉलर मैनाबाईंच्या मुलाच्या, वैभवच्या हातात होती. वैभव मालवाहू टेम्पो चालवायचा. अंगानं दांडगा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. दुसऱ्या हातात पासबुक होतं, सकाळीच बँकेतून छापून आणलेलं.

"एकवीस हजार जमा झाले माह्या मायच्या खात्यात! राहिले किती? सतराशे! एकोणीस हजार तीनशे कोण खाल्ले बे? सगळे तुह्याच मशीनवरून निघाले!"

"तिचे पैसे तिच्याच हातात देल्ले मी," दुर्गेश म्हणाला. तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"मंग ती काहून म्हणते भेटले नाही? त्या सर्व्हेवाल्या म्याडमनं लिहून नेलं!"

सगळ्या माना ऋतुजाकडे वळल्या. तिला वाटलं, जमीन दुभंगावी.

अकराच्या सुमाराला बँकेच्या गाडीतून दोघं आले. त्यांनी मशीन ताब्यात घेतली आणि शटर खाली ओढलं. शनिवारी चौकशीला साहेब येणार होते. दोष सिद्ध झाला तर दुर्गेशचं केंद्र जाणार आणि पोलिसांत तक्रारही होणार.

ऋतुजानं अश्विनसरांना फोन लावला. ते संस्थेत तिचे वरिष्ठ होते, सगळं शांतपणे ऐकून घेणारे.

"शनिवारी ते तुझा फॉर्म मागतील," ते म्हणाले. "पुरावा म्हणून तोच एक कागद आहे. त्याच्यावर सही तुझी आहे."

"सर, फॉर्मवर जे लिहिलंय ते त्या बोलल्यात."

"बोलल्या हे खरं. जे बोलल्या ते खरं आहे का?"

आज बुधवार होता.

३

दुर्गेशचं घर दुकानाच्या मागेच होतं. दोन खोल्या. त्याची बायको उन्नती डोळे पुसत दार उघडायला आली. ऋतुजाला वाटलं होतं, ही बाई आपल्याला दारातही उभं करणार नाही. पण तिनं खुर्ची दिली.

"मी खरं शोधायला आले," ऋतुजा म्हणाली. "दुर्गेशभाऊ, काही दुकानदार 'लिंक फेल आहे, पुन्हा बोट ठेव' म्हणतात आणि बाईच्या नकळत पैसे काढतात. तुम्ही तसं केलंत?"

"म्याडम, तसं केलं असतं तं एका महिन्यात गल्लीनं मारलं असतं मले."

"मग मावशींनी पैसे काढताना पाहिलेला कोणी आहे?"

दुर्गेश म्हणाला, "ती दुपारची येत होती, दुकानात कोणी नसताना. त्याच्या पुढचं मी सांगत नाही. माह्याकडे दोनशे बाया येतात. कोण किती काढते, कोण म्हणते घरी सांगू नको, हे एकदा माह्या तोंडून बाहेर गेलं तं मशीन परत भेटून फायदा काय? कोणीच येणार नाही."

त्यानं वही पुढे केली. मशीनमध्ये सगळं नोंदलं जातं, तरी तो हातानंही लिहायचा. नाव, तारीख, रक्कम. काही नावांपुढे लहान अक्षरांत खुणा होत्या. मैनाबाईंच्या नावापुढे दर वेळी 'डा. म.' लिहिलेलं होतं.

"हे काय?"

"काई नाही, माह्या सोयीचं," असं म्हणून त्यानं वही मिटली. त्याचं लक्ष कुठे थाऱ्यावर होतं!

ऋतुजानं पासबुकाचा फोटो वैभवकडून सकाळीच घेतला होता. त्यातल्या रकमा आणि वहीतल्या रकमा तंतोतंत जुळत होत्या. पण त्यानं काय सिद्ध होणार? चोरालाही वही लिहिता येते.

ती उठली. स्वयंपाकघराच्या दाराशी उन्नती एक स्टीलचा डबा घासून पुसत होती. काहीतरी विचारायचं म्हणून ऋतुजानं विचारलं, "जेवलात का तुम्ही?"

"आज चूल नाही पेटवली, म्याडम. पाटवडीची भाजी आली होती सकाळी. एक पोरगी ठेवून गेली दारात, कोणी देल्ली तेही नाही सांगितलं. अख्खी गल्ली तोंड फिरवून बसली अन् कोणी तरी भाजी पाठवली पाहा."

तिनं झाकण ऋतुजाच्या हातात दिलं. झाकणावर, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं, बारीक ठिपक्यांत नाव कोरलेलं होतं.

चि. वैभव व सौ. कां. श्वेता निमजे यांस सप्रेम भेट.

४

ज्या घराचे पैसे लुटले गेले, त्याच घरातून लुटारूला भाजी? ऋतुजा रात्रभर नाही तरी संध्याकाळभर त्याच विचारात होती.

गुरुवारी ती आधी निमज्यांकडे गेली. मैनाबाई घरात नव्हत्या. "दुपारी एक ते चार शामलामावशीकडे भजनाले जाते आई," श्वेता म्हणाली. "रोजच जाते, वरीस झालं."

खोलीच्या कोपऱ्यात नवी शिलाई मशीन होती. ऋतुजाची नजर तिकडे गेलेली पाहून श्वेता ताठ झाली. "माह्या भावानं देल्ली. पावती हाय, दाखवू?"

"नको. काल दुर्गेशकडे भाजी तुम्ही पाठवली?"

"मी? त्याच्या घरी? माह्या सासूचे पैसे खाणाऱ्याले?" श्वेताचा आश्चर्याचा सूर खोटा वाटत नव्हता. "भाजी तं काल आईनंच केली होती. मी दळणाले गेली होती."

"आणि तुमचे पंधराशे? तुम्हाला मिळतात ना?"

श्वेता हसली. त्या हसण्यात राग नव्हता, कंटाळा होता. "भेटतात. मशीनमधून माह्या हातात, हातातून यांच्या हातात, तिथून टेम्पोच्या किस्तीत. वाईट नाही म्हणत मी. टेम्पो घरचाच हाय. पण तुमच्या कागदावर लिहा, का ते पैसे पाहाले भेटतात."

वैभव जेवायला आला तेव्हा कालच्यापेक्षा निवळला होता. पासबुक त्याच्याच कपाटात असायचं. मग चौदा महिने त्यानं छापून का आणलं नाही?

"माय म्हणे फारम नाही लागला. मंग कायले बँकेत रांग लावाची?" तो म्हणाला. "म्याडम, माह्यावर शक हाय का तुमचा? असू द्या. पण तिचं बोट माह्याजवळ नाही ना."

ते खरं होतं. वैभवला पासबुक होतं, श्वेताला गरज होती, पण बोटाशिवाय एक रुपया निघत नव्हता. म्हणजे मैनाबाई मशीनपुढे बसल्या होत्या, हे नक्की. प्रश्न एवढाच होता की बसून त्या फसल्या, की पैसे घेऊन उठल्या?

"मावशींना हातमाग सोडून किती वर्षं झाली?" ऋतुजानं सहज विचारलं.

वैभवचा घास हातात राहिला. "सहा. तिले दम होता. धंतोलीच्या डाक्टरनं म्हटलं, सुताची धूळ छातीत जाते, माग बंद करा. मंग मीच इकला माग. टेम्पोसाठी पैसे भरायचेच होते." त्यानं घास ताटात ठेवला. "काही बोलली नाही ती तवा. एक शब्दही नाही."

५

शामलाबाई विणकर गल्लीच्या टोकाला राहायच्या. वय सदुसष्ट. नवरा नाही, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं डावा हात गेला होता. वयाची अट ओलांडल्यामुळे त्यांना ते पंधराशेही मिळत नव्हते.

ऋतुजा प्रश्नावली घेऊन दाराशी पोचली तेव्हा त्या लगबगीनं बाहेर आल्या आणि दार मागे ओढून घेतलं. "इथंच बसू, ऊन चांगलं हाय."

डावा हात मांडीवर निपचित पडला होता. उजव्या हातानं त्यांनी तांब्याभांडं पुढे केलं. औषधाचा खर्च कोण करतं, या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "होते कसा तरी." धंतोलीतल्या दवाखान्यात हाताच्या व्यायामासाठी दर आठवड्याला जातात, असंही बोलता बोलता निघून गेलं. मग त्यांनी घाईनं विषय बदलला.

"मैनाबाई इथं भजनाला येतात ना? त्यांच्याशी बोलायचं होतं."

"आता डोळा लागला तिचा," शामलाबाई म्हणाल्या. "उठवू नको, माय."

ऋतुजा निघाली आणि समोरच्या ताराचंदच्या किराणा दुकानात शिरली. ताराचंद गल्लीतला जुना दुकानदार, मुलाखतीच्या यादीत होताच.

"लिखो, म्याडम," तो गादीवर ऐसपैस बसत म्हणाला. "फुकटचा पैसा माणूस बिघडवते. मी तं तोंडावर सांगतो. आधी बाया किलोभर डाळ नेत, उधार ठेवत, पण महिन्याच्या महिन्याले पाय धरून देत. आता उधारच ठेवत नाहीत! नगद देतात अन् पलीकडच्या दुकानात भाव इचारून येतात. मिजास आली."

"तुमची विक्री कमी झाली?"

"कमी कशाले होईन? वाढली." तो थोडा ओशाळला. "पण ते वेगळं."

ऋतुजाला हसू आवरेना. तिनं दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. इतक्यात रस्त्यापलीकडून आवाज यायला लागला. खटाक, खटाक. थोडा थांबून पुन्हा, खटाक, खटाक.

"झाली सुरू," ताराचंदनं कपाळाला हात लावला. "दुपारची झोप गेली माही. सालभर झालं, रोज हेच. शामलाच्या घरचा माग हाय. पूर्ण गल्लीत तो एकच उरला."

ऋतुजाच्या हातातलं पेन थांबलं.

हातमाग चालवताना एक हात धोट्याची दोरी ओढतो आणि दुसरा फणी ठोकतो. हे तिला या आठवडाभरात दहा जणींनी हातवाऱ्यांनी दाखवलं होतं. एका हातानं माग चालत नाही.

६

ती आत घुसली नाही. ताराचंदच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिनं मोबाइलवर पासबुकाचा फोटो मोठा केला आणि पहिल्यांदाच तो हिशेबासारखा नाही, माणसासारखा वाचला.

पहिले दोन महिने काहीच काढलेलं नाही. मग एकदम सव्वीसशे. मग नऊशे. मग महिनाभर शांतता. मग बत्तीसशे. दर वेळी खात्यात थोडे उरलेले. एकूण सात वेळा.

चोर असा वागतो? ज्याला दुसऱ्याच्या बोटानं पैसे काढता येतात तो जमा झाल्या दिवशीच साफ करेल. नऊशेच का काढेल? सतराशे कशाला मागे ठेवेल? हे पैसे गरजेपुरते काढलेले होते. साठवून, मोजून, पुन्हा साठवून.

आणि मग तिला ते बोट आठवलं. लसूण बाजूला ठेवून पुढे केलेलं डाव्या हाताचं मधलं बोट. 'डा. म.' तिनं तिथूनच दुर्गेशला फोन लावला.

"दुर्गेशभाऊ, एवढंच सांगा. 'डा. म.' म्हणजे डावं, मधलं?"

"हाव. मैनाबाईचे अंगठे नाही लागत मशीनवर. घासले हायेत. सात-आठ बोटं लावून पाहिली तवा ते एक लागलं. आता ती बसली की आपणच तेच बोट टेकवते."

चार वाजता आवाज थांबला. मैनाबाई बाहेर आल्या, रस्त्यावरच्या नळाखाली हात धुतले. ऋतुजा त्यांच्याजवळ गेली.

"मावशी, हात दाखवा."

त्यांनी बघता बघता हात पदराखाली घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, पुढे केला. अंगठा आणि तर्जनीचं टोक गुळगुळीत झालं होतं. सुतानं पडलेल्या बारीक चिरा ताज्या होत्या.

"सहा वर्षांपूर्वी माग सोडलेल्या बाईच्या बोटावर आत्तापर्यंत नवी कातडी आली असती," ऋतुजा हळू आवाजात म्हणाली. "शामलाबाईंचा एक हात चालत नाही, पण त्यांचा माग रोज एक ते चार चालतो. दुर्गेशनं तुम्हाला फसवलं असतं तर पैसे जमा झाल्याबरोबर गेले असते, आणि तुम्ही त्याच्या घरी पाटवडी पाठवली नसती. मशीनवर कोणतं बोट लागतं हे तुम्हाला पाठ आहे. पैसे तुम्हीच काढलेत, मावशी. ते सुतात गेले आणि शामलाबाईंच्या हातावर गेले. चुकलं का माझं?"

मैनाबाई नळाच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांनी हातावरचं पाणी पदरानं टिपलं.

"चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "दोन दिवस झाले, घास नाही उतरला. ते लेकरू मार खाऊन राहिलं अन् मी दारामागं उभी. हिंमतच नाही झाली."

"घरी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं पोरगा म्हणाला असता, माय, छातीले त्रास होते, बस घरी. खोटं नाही म्हणत, मायेनंच म्हणाला असता. नाकाले फडकं बांधून बसते मी आता, दम नाही लागत. पण त्याले कोण पटवाव? अन् पैसे घरात ठेवले असते तं किस्तीत गेले असते. तेही खोटं नाही, किस्त असतेच."

त्यांनी ठिबकणारा नळ घट्ट केला.

"तू इचारत होती ना, या पैशानं काय होते? पंधराशेत काय होते वं पोरी! काहीच नाही होत. पण माह्या सासऱ्यापासून पाहून राहिली मी. सुतासाठी व्यापाऱ्याची उचल घ्या, मंग लुगडं त्याचंच, भाव त्याचाच. जन्मात पयल्यांदा सूत माहं हाय. कोणाले इचारावं नाही लागलं."

ऋतुजानं पिशवीतून तो फॉर्म काढला.

"शनिवारी साहेब येणार आहेत," ती म्हणाली. "मी फॉर्म बदलू शकते. पण मला वाटतं, हे तुम्ही सांगावं. मी नाही."

"शनिवारपर्यंत कायले थांबाव?" मैनाबाई उठल्या आणि पदर खोचला. "चाल."

७

दुर्गेशच्या बंद शटरपुढे मैनाबाईंनी गल्लीला गोळा केलं नाही. गल्ली आपोआप जमली. वैभव टेम्पो तसाच रस्त्यात सोडून धावत आला.

"पैसे मी काढले," मैनाबाई म्हणाल्या. "सातही वेळा. यानं एक रुपया इकडचा तिकडे नाही केला. मी खोटं बोलली. मले माफ कर, दुर्गेश."

दुर्गेश भिंतीला टेकला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. उन्नती मात्र रडायला लागली. मैनाबाईंनी तिला जवळ घेतलं.

वैभव आईकडे पाहत होता. "काहून, माय? मी काय हिसकून घेतले असते?"

"नाही गा. तू चांगला हायेस. म्हणूनच नाही सांगितलं. वाइटाले नाही म्हणता येते, चांगल्याले नाही म्हणता येत."

शामलाबाईंच्या घरात तो पहिल्यांदा शिरला तेव्हा चपला काढून कितीतरी वेळ उंबऱ्याशीच उभा राहिला. खड्ड्यातल्या मागावर पांढऱ्या सुती साडीचं अंग चढलेलं होतं, किनार रेशमाची, डाळिंबी. वर्षभरात अशा पाच झाल्या होत्या. ही सहावी. शामलाबाई नक्षीचे धागे मोजून सांगायच्या, मैनाबाई विणायच्या. आलेले पैसे निम्मे सुतात, निम्मे धंतोलीच्या व्यायामात. शामलाबाईंनी डाव्या हाताची करंगळी हलवून दाखवली. अगदी थोडी हलली, पण हलली.

"मी तुहा माग इकला," वैभव म्हणाला. त्याच्या गालात त्या वेळी खर्रा नव्हता. "मले इचारायला पाहिजे होतं."

"हाव, पाहिजे होतं," मैनाबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला. मायलेकांचे विषय असेच संपतात.

शनिवारी साहेब आले, तासभर बसले, वही आणि मशीनचा उतारा ताडून पाहिला आणि मशीन परत देऊन गेले. वैभवनं स्वतः शटर वर ओढलं. त्या दिवशी रांग चौकापर्यंत होती. बायकांना आता एक गोष्ट पक्की कळली होती. कॉलर धरली तरी हा माणूस कोणाचं गुपित बाहेर काढत नाही.

अश्विनसरांनी ऋतुजाला विचारलं, "मग शेवटी काय लिहायचं? पैशानं फायदा होतो की नाही?"

"चौकट पुरणार नाही, सर. एका घरात पैसे किस्तीत जातात, एका घरात नवरा नेतो. तेही लिहिलंय मी. पण एक पान जास्तीचं जोडते."

"किती मोठं?"

"चालेल तेवढं."

ते हसले आणि हो म्हणाले.

पंधरा दिवसांनी ऋतुजा आपलं काम नसताना तांडापेठेत गेली. शामलाबाईंचं दार सताड उघडं होतं, आत मैनाबाई, वैभव, श्वेता सगळेच होते. सहावी साडी मागावरून उतरून घडी होऊन बसली होती, सातवीच्या उभ्या धाग्यांचा ताणा चढत होता. वैभवनं साडीचे फोटो काढून धरमपेठेतल्या एका मोठ्या दुकानदाराला पाठवले होते. आजवर दलालानं अशा एका साडीचे बावीसशे दिले होते. आता थेट दुकानदाराचा फोन आला. वैभवनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"तीन हजार देतो, बाई. रोख. आजच माणूस पाठवतो."

"साडेचार," मैनाबाई म्हणाल्या.

"साडेचार कोण देणार? घरी ठेवून काय करणार तुम्ही? पैशांची गरज असेल ना?"

मैनाबाईंनी शामलाबाईंकडे पाहिलं. "या महिन्याचे पंधराशे आले हायेत जी. पुढच्या साडीचं सूतही आलं. साडी काही नासत नाही. राहू द्या." आणि त्यांनी वैभवला फोन ठेवायची खूण केली.

वैभवचा चेहरा पडला. "माय, तीन हजार होते!"

"चहा टाक वं श्वेता," मैनाबाई म्हणाल्या. "म्याडमले साखर कमी."

चहा उकळत होता तेव्हा फोन वाजला. वैभवनं झडप घातली, पण शामलाबाईंनी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं. "वाजू दे."

फोन वाजून थांबला. श्वेतानं कपात चहा गाळला. फोन पुन्हा वाजला, आणि मैनाबाईंनी शांतपणे फुंकर घालून पहिला घोट घेतला. फोन पुन्हा थांबला. बशी खाली ठेवेपर्यंत तिसऱ्यांदा वाजायला लागला.

"उचल आता," मैनाबाई म्हणाल्या. "आता गरज त्याले हाय."